चुना लावलेलं धनुष्य

कुंभार्ली घाट चढताना शेजारच्या सीटवरच्या काकांनी विचारलं, "देवदर्शनाला निघालात वाटतं?" मी म्हटलं, "नाही, धनुष्य करायला." काकांनी खिडकीकडे तोंड वळवलं, ते साताऱ्यापर्यंत. मी खरं तेच सांगितलं होतं. पण खरं सांगितलं की माणसं गप्प होतात, हा अनुभव मला त्या महिन्यात रोजच येत होता.

मी चिपळूणच्या एका मुलींच्या शाळेत खेळ शिकवते. दीड वर्षापूर्वी विहिरीच्या पायऱ्यांवरून घसरले आणि उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी गेल्या पावसाळ्यातच सांगितलं, "सांधा उत्तम आहे. आता हात वापरायला लागा." म्हणायला सोपं आहे. घरी मला कोणी पाण्याची बादली उचलू देईना, आणि मीही हट्ट केला नाही. त्यातच शाळेत तिरंदाजीचं सामान आलं. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "पहिला मान तुमचा, बाई." सगळ्या मुली मैदानात गोल करून उभ्या. मी धनुष्य उचललं, त्यावर त्याचं वजन लिहिलं होतं, चोवीस पौंड, म्हणजे ओढायला अकरा किलोच्या आसपास. दोरी अर्ध्यावर आली आणि हात असा थरथरायला लागला की मी ते खाली ठेवलं. मुली शहाण्या निघाल्या, सगळ्यांनी आपापल्या बुटांकडे बघितलं. कोणी हसली असती तर बरं झालं असतं.

मुख्याध्यापिकांनी मला महिनाअखेरपर्यंत वेळ दिला. तोवर जमलं तर तिरंदाजी माझी, नाहीतर रत्नागिरीचे एक तरुण प्रशिक्षक यायला तयार होते. त्या हे फार गोड आवाजात बोलल्या. गोड आवाजात बोललं की माझं डोकं फिरतं.

मंगलला फोन केला. मंगल आणि मी शारीरिक शिक्षणाच्या कॉलेजात एका खोलीत राहिलेल्या. ती आता रांजणगावच्या एमआयडीसीत एका कारखान्यात क्वालिटीला आहे आणि शेजारच्या कारेगावात राहते. माझं सगळं गाऱ्हाणं ऐकून ती म्हणाली, "तयार धनुष्य झेपत न्हाई ना? मग तुझ्या हाताच्या मापाचं करून घे की. ब्लाऊज आपण तयार घेतो का?"

हे डोक्यात बसलं. तेव्हापासून मी मोबाईलवर एकच प्रकारचे व्हिडिओ बघत होते, जंगलात अडकलेला माणूस एका सुरीने फांदीचं धनुष्य करतो ते. लाकूड तासत जायचं, ते हवं तितकं मऊ होईपर्यंत. माझा बेत ठरला, आठ किलोचं धनुष्य करायचं. ते ओढता आलं की हाताला धीर येईल, मग अकरा किलोचं बघू. मंगलने लाकडाची आणि जागेची सोय केली, मी रजा टाकली आणि संक्रांत झाल्यावर निघाले.

पुण्याहून नगर रस्त्याने कारेगावात उतरले तेव्हा कारखान्यांची पाळी सुटत होती. आमच्याकडे रस्त्यावर इतकी माणसं फक्त गणपतीत दिसतात. गळ्यात ओळखपत्र अडकवलेली पोरं, निम्मी मराठी आणि निम्मी हिंदी, एका गाडीवर वडापाव तर दुसरीवर लिट्टी. मंगल त्या गर्दीतून स्कूटी काढत आली, मला आपादमस्तक बघून म्हणाली, "खांदा वर करून दाखव." मी केला. "ह्याला काय धाड भरलीय?" एवढं बोलून तिने माझी तपासणी संपवली.

सकाळी तिची बुद्धवंदना आटोपली, चहा झाला आणि आम्ही आधी शिरूरला गेलो. घोड नदीच्या काठचं हे गाव बाजाराचं आहे, हवी ती वस्तू मिळते आणि दुकानदार फुकट सल्लाही देतो. मी सुरी आणि कानस मागितली. कशाला हवी, असं त्याने विचारलं म्हणून सांगितलं.

"नाटकातलं हाय का?" दुकानदाराने विचारलं.

"नाही, खरं."

"खरं म्हंजी बाण सुटनार?"

"सुटला तर सुटणार."

त्याने हातातली बारीक कानस परत ठेवली आणि जाडी काढून दिली. "मग ही न्या. नाटकातल्याला ती चालली असती," असं म्हणाला.

शिरूरहून न्हावऱ्यामार्गे चौफुल्याला जाणारा रस्ता उसामधून जातो. आमच्याकडे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना डोंगर असतात, इथे ऊस. उसाने लादलेल्या ट्रॉल्या पुढे असल्या की ओव्हरटेक करायला मंगल कर्कश हॉर्न वाजवत होती. जागोजाग बिबट्याचे फलक होते. मला ती मोठी बातमी वाटली, पण मंगल स्कूटीवरून मागे ओरडून एवढंच म्हणाली, "संध्याकाळी उसाकडं जायचं न्हाई, बाकी काय न्हाई." पारगावाशी भीमेचा पूल लागला. पुलाच्या अलीकडे शिरूर तालुका, पलीकडे दौंड. पाणी संथ होतं, काठावर मोटारींच्या पाइपांची जाळी होती. चौफुल्याला आम्ही उसाचा रस प्यायलो आणि दुपार व्हायच्या आत खुटबावला पोहोचलो.

गाव दिसायच्या आधी वास येतो. गुऱ्हाळाचा वास मी पहिल्यांदा घेतला. गोड, धुरकट, थोडासा करपलेला. एका पत्र्याच्या शेडखाली भली थोरली काहील (रस आटवायची कढई) चुलवणावर (जमिनीत खोदलेल्या मोठ्या चुलीवर) उकळत होती. खाली चिपाड (रस काढलेल्या उसाचा वाळका चोथा) जळत होतं. गुऱ्हाळ आप्पांचं. आप्पांचा मुलगा मंगलच्या कारखान्यात आहे, त्या ओळखीवर ही सगळी स्वारी. आप्पा सत्तरीच्या पुढचे, उंच, पोट सुटलेले, डोक्याला मफलर आणि बंडीच्या खिशात मोबाईल.

"या बाई. मंगलताईनं सांगितलं. खांदा दुखतोय म्हनं?"

"दुखत नाही, आप्पा. जोर लावायला भितोय."

"मंग त्याल लावा की. धनुष्य कशाला पायजे?"

मी सगळं समजावून सांगितलं. शाळा, मुली, रत्नागिरीचा प्रशिक्षक, महिनाअखेर. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं. प्रशिक्षकाचं वय विचारलं. मी सांगितल्यावर म्हणाले, "त्या पोराला कशाला जागा द्यायची? चला, लाकूड दावतो." तेव्हापासून माझं धनुष्य हे आप्पांच्या घरचं काम झालं.

आधी जेवण. सूनबाईंनी बाजरीची भाकरी आणि वाटीभर काकवी (गूळ होण्याआधीचा दाट पाक) पुढे ठेवली. सोबत शेंगदाण्याचा ठेचा. गोडात तिखट बुडवून खायचं हे मला आधी पटेना, नंतर थांबवेना. तीन भाकऱ्या झाल्यावर मंगलने माझी थाळी उचलून नेली.

गुऱ्हाळामागे बाभळीच्या फांद्यांचा ढीग होता. कुंपणासाठी दिवाळीच्या आधी तोडलेल्या, म्हणजे चांगल्या वाळलेल्या. मनगटाएवढ्या जाड आणि बऱ्यापैकी सरळ अशा दोन फांद्या मी निवडल्या, दोन्ही एकाच झाडाच्या. निवडताना काट्यांनी माझे दोन्ही हात रक्ताळले. एक फांदी जरा बाजूला वाकलेली होती, ती राखीव ठेवली आणि सरळ होती ती हनुवटीच्या उंचीएवढी तोडली. तोडायला कोयता आप्पांनी घेतला. तासायला त्यांच्याकडे वाकस (सुताराचं तासायचं हत्यार) होतीच.

आता धनुष्याचा एकच मोठा नियम आहे आणि सगळं त्यावर अवलंबून आहे. झाडाच्या सालीखालची जी बाजू असते, ती निशाणाकडे येते. तिची नुसती साल सोलायची, लाकडाला हत्यार लावायचं नाही. तिथले धागे या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड हवेत, कारण वाकताना सगळा ताण त्यांच्यावर येतो. तासायचं ते आतल्या, आपल्याकडच्या बाजूने. व्हिडिओवाले पहिल्या बाजूला पाठ म्हणतात आणि दुसरीला पोट. मी आप्पांना तसंच सांगितलं, "आप्पा, पोट तासायचं. पाठीला अजिबात हात लावायचा नाही."

"समजलं," आप्पा म्हणाले.

तेवढ्यात घरून फोन आला. रेंज बांधावर येत होती म्हणून मी बांधावर गेले. खांदा जपा, थंडी कशी आहे, रात्री कुठे झोपणार, एवढं होईतो वेळ गेला. परत आले तर आप्पा घाम पुसत होते आणि सालीकडची बाजू हाताएवढ्या लांबीत खोल तासून काढलेली होती.

"आप्पा, हे काय केलंत? पोट तासायला सांगितलं होतं."

"पोटच तासलंय."

"ही पाठ आहे."

आप्पांनी फांदी धनुष्यासारखी हातात धरली. "हे बघा. वाकलं की फुगवटा कुनीकडं येतो? पुढं. पोट कुनीकडं असतं?" त्यांनी स्वतःच्या पोटावर थाप मारली. "पुढं. मंग फुगलंय ते पोट का न्हाई? पाठ कधी पुढं असती व्हय?"

मंगल हसून हसून खाली बसली. शाळेत मी वीस वर्षं मुलींना पाठ ताठ, पोट आत असं ओरडत आले, पण धनुष्याचं पोट मागे का असतं हे मला कोणी विचारलं नव्हतं. आप्पांचं म्हणणं बिनतोड होतं, फक्त लाकूड बाद झालं होतं.

तरी मी हट्टाला पेटले. म्हटलं, थोडं तरी ओढून बघू. संध्याकाळपर्यंत कानस चालवली, दोन टोकांना खाचा पाडल्या, आप्पांच्या घरातली सुतळी बांधली आणि ओढलं. दोरी वीतभर आली असेल. कडाड आवाज झाला आणि मी उजवा खांदा धरून जमिनीवर बसले. खरंच सांगते, मला वाटलं खांदाच गेला. डोळ्यांपुढे ऑपरेशनच्या खोलीतला दिवा आला. मंगल धावत आली, हात चाचपला, वर केला, खाली केला. खांद्याला काहीही झालं नव्हतं. समोर धनुष्याचे दोन तुकडे पडले होते, जिथे वाकस खोल गेली होती बरोबर तिथेच लाकूड फाटलं होतं.

"लाकूड मोडलं गं. तू न्हाई," मंगल म्हणाली.

मला मात्र रडायला आलं होतं आणि ते मी धुरावर ढकललं. रात्री जेवताना मी जाहीर केलं की सकाळच्या गाडीने परत जाते. भाकरी मोडत मंगल म्हणाली, "जा. सोमवारी त्या रत्नागिरीवाल्याला मैदान दाखवून ये. फुलं पन घेऊन जा." मी तिला जे उत्तर दिलं ते इथे लिहीत नाही.

सकाळी राखीव फांदी काढली. या खेपेस मी फोन बंद करून ठेवला आणि सालीकडची बाजू स्वतः सोलली, सुरीच्या पाठीने, लाकडाला ओरखडाही न आणता. पण पोट आणि पाठ या शब्दांचा घोळ तसाच होता. आप्पा काही मागे हटायला तयार नव्हते आणि मलाही व्हिडिओवाल्यांची बाजू घेऊन भांडण्यात रस उरला नव्हता. तो घोळ मंगलने मिटवला.

"आमच्या लाइनवर नावं घेत न्हाईत," ती म्हणाली. "ज्याला हात लावायचा न्हाई, त्याला कलर मारतात."

रंग कुठून आणायचा? गुऱ्हाळात चुना होता. रसातली मळी काढायला तो लागतोच. मंगलने बोटाने चुन्याचा जाड पट्टा सालीकडच्या बाजूवर टोकापासून टोकापर्यंत ओढला.

"आप्पा, या बाजूला चुना लावलाय," ती म्हणाली.

"आज पतुर मानसांना चुना लावल्याली मानसं पाह्यली हुती," आप्पा म्हणाले, "धनुष्याला पयल्यांदाच." मग आम्ही पोट-पाठ म्हणायचं सोडूनच दिलं. चुन्याकडची आणि बिनचुन्याची, अशा दोन बाजू झाल्या, आणि त्यानंतर दिवसभरात एकदाही चूक झाली नाही.

फांदी बाजूला वाकली होती, ती सरळ करायची होती. काहिलीजवळ रामसूरत उभे होते. हे इथले गुळवे (पाक कधी उतरवायचा ते ठरवणारा कारागीर), उत्तर प्रदेशातून दर हंगामाला येतात. ते सकाळपासून आमचा तमाशा बघत होते.

"टेढ़ी है तो सेंक लो," ते म्हणाले. "हमारे यहाँ लाठी ऐसे ही सीधी करते हैं।"

शेकायचं व्हिडिओतही होतं, पण तिथे त्या माणसाने छोटी शेकोटी केली होती. इथे आमच्या सेवेला अख्खं चुलवण. फांदी ढोबळ तासून घेतली होती, तिला करडईचं तेल चोळलं, चुलवणाच्या तोंडाशी दोन विटांवर ठेवली, चुना वर आणि निखारे खाली. गरम झाल्यावर आप्पांनी एक टोक धरलं, मी दुसरं, आणि गुडघ्यावर दाबून सरळ केली. थंड होईतो दगडाखाली ठेवली. मग बिनचुन्याची बाजू जरा आणखी शेकावी म्हणून रामसूरतांच्या हवाली केली आणि आम्ही चहाला गेलो. थोडीच शेका, असं मी बजावलं होतं.

तेवढ्यात काहिलीतला पाक तयार झाला. रामसूरत तिकडे धावले, काहील उतरली, पाक वाफ्यात (गूळ थंड करायच्या चौकोनी खळग्यात) ओतला, सगळ्यांची धांदल. माझी फांदी तिथेच निखाऱ्यांवर. मी आले तेव्हा तिची खालची बाजू गुळासारखी काळपट तांबूस झाली होती.

"जाळलंत तुम्ही," मी जवळजवळ किंचाळले.

रामसूरतांनी फांदी उचलली, नखाने टकटक केलं, वास घेतला. "जला नहीं है बहनजी. पका है."

त्यांच्या सांगण्यावर माझा विश्वास बसला नाही, पण तिसरी फांदी नव्हती. शेडच्या खांबाला खुंटी होती, तिच्यावर धनुष्य मधोमध टेकवलं, कालचीच सुतळी चढवून तिला कासरा बांधला. आप्पा कासरा ओढायचे आणि मी लांब उभी राहून बघायची. दोन्ही अंगं सारखी वाकली पाहिजेत. वरचं आधी वाकलं तर खालच्याला कानस मारायची, खालचं वाकलं तर वरच्याला.

"खालचं आळशी हाय," आप्पा म्हणायचे. मी दहा-बारा हात मारायची. "अजून लोळतंय." पुन्हा कानस.

माझा बेत आठ किलोचा होता आणि मोजायला आप्पांचा स्प्रिंगचा काटा होता, शेडच्या आढ्याला टांगलेला, गुळाच्या ढेपा तोलायला. पण नेमकी त्याच दिवशी व्यापाऱ्याची गाडी आली होती. काटा दुपारभर मोकळा नव्हता. अंदाजाने आठच्या जवळ आलं असावं असं मला वाटलं, आणि आणखी तासायची भीतीही वाटत होती, म्हणून कानस ठेवली. आप्पांनी वाखाची (घायपाताच्या धाग्याची) दोरी मांडीवर पीळ देऊन केली होती, ती चढवली. वाळक्या तुराट्यांचे (तुरीच्या काटक्यांचे) तीन बाण केले, पुढे खिळा, मागे सूनबाईंच्या कोंबडीची पिसं.

निशाण म्हणून चिपाडाने भरलेलं पोतं बांधाला टेकवलं. बांधापलीकडे ऊस. सूर्य कलायला लागला होता आणि आप्पा सारखे उसाकडे बघत होते.

मी धनुष्य डाव्या हातात धरलं, चुना पुढे. दोरी ओढली. अर्ध्यावर आली आणि हात थरथरायला लागला, अगदी मैदानातल्यासारखा. मी सोडून दिलं. बाण समोर चार पावलांवर पडला. आप्पांनी दुसरीकडे बघितलं, मंगलने घसा खाकरला.

मला असा संताप आला की काय सांगू. आठ किलो. आठ किलो तांदळाची पिशवी मी पडायच्या आधी बाजारातून डाव्या-उजव्या कुठल्याही हाताने आणत असे. या हातासाठी मी घाट चढून आले, काटे टोचून घेतले, धूर खाल्ला, आणि हा आठ किलोला कापतो? मी हाताला मोठ्याने शिवी दिली. शाळेत ती शिवी देणाऱ्या मुलीला मी मैदानाला तीन फेऱ्या मारायला लावते. दुसरा बाण लावला आणि रागाच्या भरात ओढत सुटले. दोरी छातीपाशी आली, थरथर सुरू झाली, मी थांबले नाही. दोरी जबड्याला लागली. लागून राहिली. मला आठवतं, त्या क्षणी मला थोडंसं आश्चर्य वाटलं की थरथर कुठे गेली.

बाण पोत्यावरून हातभर वर गेला आणि उसात शिरला.

"त्यो ऱ्हाऊ द्या बिबट्याला," आप्पा म्हणाले. "म्या न्हाई आनायला जायचा."

तिसरा बाण पोत्यात घुसला. पिसांपर्यंत नाही, पण खिळा आणि वर चांगली वीतभर तुराटी आत. मंगल पोत्याजवळ पळत गेली, तो हलवून बघितला आणि तिथूनच दोन्ही हात वर केले. रामसूरत हातातला झारा घेऊनच शेडबाहेर आले होते. मी तोच बाण काढून आणखी चार वेळा मारला, तीनदा पोत्यात आणि एकदा बांधात. प्रत्येक वेळी दोरी जबड्याला टेकत होती.

व्यापाऱ्याची गाडी निघून गेली होती. आप्पा म्हणाले, "आता काटा मोकळा हाय. बघू तरी कितीचं झालंय." त्यांनी दोरी काट्याच्या आकड्याला अडकवली आणि बाणाची लांबी भरेपर्यंत धनुष्य खाली ओढलं. मग हाक मारली. "बाई, हिकडं या."

काटा साडेतेरावर होता.

"काटा बिघडलाय," मी म्हटलं.

आप्पांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "हळू बोला. दिवसभर माल गेलाय ह्याच्यावर, यापाऱ्याच्या कानावर जाईल." आणि माझी खात्री पटावी म्हणून दहा किलोची ढेप आणून टांगली. काटा बरोबर दहावर थांबला. पुन्हा धनुष्य लावलं. पुन्हा साडेतेरा. मंगलने मोबाईलवर हिशेब केला. पौंडात ते तीसच्या घरात जात होतं. शाळेचं धनुष्य चोवीसचं होतं.

"पका है, बोला था ना," रामसूरत म्हणाले. निखाऱ्यांवर जास्त वेळ राहून लाकूड कडक झालं होतं. मी अंदाजाने आठ किलो समजून तासायचं थांबवलं, तो अंदाजच चुकला होता.

मी गुळाच्या रिकाम्या साच्यांवर बसले आणि हुंदके देऊन रडले. या वेळी धुरावर ढकललं नाही. मंगलने उजव्या खांद्यावर हात ठेवला, आणि मी तो झटकला नाही. आप्पा म्हणाले, "आता आत चला. ऊस काळा पडाय लागला." सूनबाईंनी त्या संध्याकाळी शेंगोळी (कुळथाच्या पिठाच्या झणझणीत वळ्या) केली होती. मी किती खाल्ली ते मंगलने सगळ्या गुऱ्हाळाला सांगितलं.

सकाळी आप्पा आम्हाला यवतच्या स्टँडवर सोडायला आले. पिशवीत एक ढेप आणि बाटलीभर काकवी घातली. निघताना म्हणाले, "त्या पोरींना नीट सांगा. फुगतं ते पोट."

"सांगीन," मी म्हटलं. पुण्याच्या गाडीत कंडक्टरने धनुष्याकडे बघून विचारलं, "लग्नाचं सामान हाय का?" मी हो म्हटलं, कारण आता मला खरं सांगून कोणाला गप्प करायचं नव्हतं.

घाट उतरताना मी त्या दिवसाचा विचार करत होते. मंगलच्या म्हणण्याप्रमाणे मी हाताच्या मापाचं धनुष्य करायला गेले होते, आणि माप घेताना हात निम्मा धरला होता. दीड वर्ष मी रोज हाताला विचारत होते, जमेल का रे, आणि तो बिचारा माझ्याच आवाजातली भीती ऐकून नाही म्हणत होता. खुटबावला त्याला कोणी विचारलंच नाही. मला वाटलं आठ, म्हणून मी त्याच्यावर चिडले, आणि चिडलेल्या बाईचं त्याने ऐकलं. डॉक्टरांनी सहा महिन्यांपूर्वी हेच सांगितलं होतं, याचा मला रागही आला आणि हसूही.

सोमवारी पहिल्या तासाला मी मैदानावर शाळेचं चोवीस पौंडांचं धनुष्य उचललं. मुली होत्याच, मुख्याध्यापिकाही आल्या होत्या. दोरी जबड्यापर्यंत आणली, तशीच धरली, आणि हळूच परत सोडली. बाण लावलेला नव्हता, आणि बाण नसताना दोरी झटक्यात सोडायची नसते, हे मुलींना तिथेच सांगून टाकलं.

"पुन्हा एकदा दाखवता, बाई?" मुख्याध्यापिका म्हणाल्या. मी पुन्हा ओढलं आणि या वेळी त्यांच्याशी बोलत बोलत धरून ठेवलं.

"मग रत्नागिरीला काय कळवू?"

"कळवा, जागा भरली," मी म्हटलं, आणि मुलींना रांगेत उभं केलं.